आधी घुमट, मग आभाळ: दक्षिण आफ्रिकेतली तारांगणं आणि व्ह्यूपॉइंट बघायला जाताय तर हे वाचून निघा

जोबर्गला, म्हणजे जोहान्सबर्गला, माझं दीड वर्ष पोस्टिंग होतं, आणि त्या दीड वर्षात मी सदरलंडला, तिथल्या मोठ्या दुर्बिणींच्या गावाला, दोनदा गेले. पहिल्यांदा नवरा आणि मी, सगळं चुकलं. दुसऱ्यांदा पुण्याहून आई-बाबा आले होते त्यांना घेऊन, आणि तेव्हा बहुतेक सगळं जमलं. मधल्या काळात मला एक गोष्ट कळली, की या ट्रिपचं वेळापत्रक आपण ठरवत नाही, एक चंद्र ठरवतो आणि दुसरा वारा. हॉटेल, गाडी, विमान हे सगळं त्या दोघांच्या मागून. आपण करतो नेमकं उलटं, आधी स्वस्त तिकीट बघतो आणि मग तिथे जाऊन रडतो. आता ओळखीतलं कोणी ना कोणी जायच्या आधी फोन करून तेच तेच विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

एक खुलासा. हे सगळं दक्षिण आफ्रिका देशाबद्दल आहे, अख्ख्या आफ्रिका खंडाबद्दल नाही. मी तेवढंच बघितलंय.

१. तारखा ठरवताना आधी कालनिर्णय काढा

खरंच. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि अमावस्या कधी आहे ते बघा. आमची पहिली ट्रिप आम्ही विमान स्वस्त मिळालं म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केली होती. साडेतीनशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून गेलो आणि सदरलंडच्या त्या प्रसिद्ध काळ्याकुट्ट आभाळाखाली इतकं चांदणं पडलं होतं की मला गेस्टहाऊसच्या अंगणात हातातलं माहितीपत्रक वाचता येत होतं. तारे दिसले, पण मग ते आपल्या भोरलाही दिसतात.

नोकरी आणि शाळा असलेल्या मराठी माणसाला सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. दोन्ही चालतात, पण दोन्हींत वेगवेगळं दिसतं.

दिवाळीची गंमत अशी की लक्ष्मीपूजनच अमावस्येला असतं. म्हणजे भाऊबीजेनंतरचे चार दिवस धरले तर चंद्राची कोर संध्याकाळी लवकर मावळते आणि पुढची रात्र आपली. तिकडे तेव्हा वसंत संपून उन्हाळा लागत असतो, थंडी सुसह्य असते. मात्र त्या दिवसांत त्रिशंकू, म्हणजे ते ज्याला सदर्न क्रॉस म्हणतात, संध्याकाळी दक्षिण क्षितिजाला पार टेकलेला असतो. तो बघायचा तर पहाटे उठा. त्याच्या बदल्यात मॅगेलनचे मेघ (ते काय ते पुढे सांगते) छान वर आलेले असतात आणि रात्री उशिरा मृग उगवतो. दुसरी अडचण म्हणजे केपटाऊनला तेव्हा आग्नेयेकडचा वारा सुरू झालेला असतो, त्याबद्दल पुढे.

मे महिन्यात त्रिशंकू रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला भरपूर उंच असतो, आणि पूर्वेकडून वृश्चिक आणि आकाशगंगेचा जाड भाग वर येत असतो. माझ्या मते आकाश म्हणून मे भारी. पण केपटाऊनचा पाऊस हिवाळ्यात असतो आणि तो मेमध्ये सुरू होतो, शिवाय सदरलंड हे त्या देशातल्या सगळ्यात थंड गावांपैकी एक, तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिवाळी घ्या.

आणि काहीही घेतलंत तरी केपटाऊनला किमान चार दिवस ठेवा. दोन दिवस ठेवून टेबल माउंटन बघायची अपेक्षा करणं हा निव्वळ जुगार.

२. कागदपत्रं

इथे मी लवकर आटपते, कारण नियम बदलत असतात आणि शेवटचा शब्द दूतावासाच्या साइटचा. पण हे लागतंच:

- पासपोर्ट, त्यात किमान दोन कोरी पानं, आणि परतीच्या तारखेनंतर निदान ३० दिवस वैध. मी तर म्हणेन सहा महिने ठेवा.
- व्हिसा. बँक स्टेटमेंट, राहण्याचं बुकिंग, परतीचं तिकीट, रजेचं पत्र वगैरे नेहमीचं. अर्ज लवकर टाका, शेवटच्या तीन आठवड्यांवर ठेवू नका.
- मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला इंग्रजी जन्मदाखला. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र पण ठेवा. कोणी मागितलं नाही तर उत्तमच.
- आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणि त्याबरोबर मूळ लायसन्स. दोन्ही. एकटं परमिट चालत नाही.
- गाडी जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. डिपॉझिट त्यावर अडकवतात. डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर हुज्जत घालणारे आपले लोक मी दोन वेळा बघितलेत, त्यातला एक माझा नवरा.

आता सापळा. नैरोबी किंवा अदिस अबाबा मार्गे तिकीट स्वस्त मिळतं. हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत, त्याला सगळे यलो फीवरच म्हणतात. तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लसीचं पिवळं कार्ड मागते, आणि परत येताना आपला भारतही याबाबतीत फार कडक आहे, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, नेहमीच्या डॉक्टरकडे नाही, आणि टोचल्यापासून १० दिवसांनी ती ग्राह्य धरतात. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

३. आधी घुमटाखाली बसा

बहुतेक लोक तारांगण हा पावसाळी दिवसाचा टाइमपास समजतात, की बाहेर काही जमलं नाही तर चला तारांगण. मी सांगते, सदरलंडच्या आधी तारांगण करा. कारण आपण लहानपणापासून जे आकाश गच्चीवरून बघितलंय ते तिथे उलटं आहे. मृग डोक्यावर उभा, व्याध त्याच्या वरच्या अंगाला, चंद्रावरचा ससा उलटा, ध्रुव तर क्षितिजाच्या खालीच. सूर्यसुद्धा दुपारी उत्तरेकडे असतो. पहिल्या रात्री डोकं गरगरतं. घुमटाखाली पाऊण तास बसून कोणीतरी बोट दाखवून सांगितलं की दुसऱ्या दिवशी उघड्यावर तुम्हाला ओळखू येतं.

तीन ठिकाणं सांगते.

*केपटाऊन.* इझिको साउथ आफ्रिकन म्युझियमच्या आतच तारांगण आहे, कंपनीज गार्डनच्या कडेला, शहराच्या अगदी मध्यात. २०१७ मध्ये ते पूर्ण डिजिटल झालं. शोची वेळ बघून एक तास आधी जा, म्युझियममध्ये देवमाशांचे अख्खे सांगाडे वरून टांगलेत ते बघा, मग शो. बाहेर बागेत खारी आहेत, आपल्या खारीपेक्षा चांगल्या जाड, आणि त्या सरळ माणसाच्या बुटावर चढतात. आईला तारांगणापेक्षा त्या जास्त आवडल्या असा माझा संशय आहे.

*जोहान्सबर्ग.* विट्स विद्यापीठाच्या आवारात, ब्रामफॉन्टेनला. हे १९६० सालचं, म्हणजे आपल्या वरळीच्या नेहरू तारांगणाच्या १७ वर्षं आधीचं, आणि त्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून आणलेला झाइसचा प्रोजेक्टर होता, तो मुंगीसारखा दिसणारा काळा अवजड प्रकार. आता तिथेही डिजिटल डोम झालाय. विमान जोबर्गला उतरत असेल तर पहिल्या दिवशी जेटलॅगच्या नावाखाली हॉटेलात पडून राहण्यापेक्षा इथे जा. खरं तर जेटलॅग नसतोच, आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा फक्त साडेतीन तास पुढे.

*ब्लूमफॉन्टेन.* हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि माझं सगळ्यात लाडकं हेच. गावाच्या मध्यात नेव्हल हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावर पूर्वी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची वेधशाळा होती, त्या जुन्या वेधशाळेच्या इमारतीतच २०१३ मध्ये तारांगण सुरू केलं. त्याच टेकडीवर अभयारण्य आहे, म्हणजे तुम्ही तारांगणाकडे जाताना रस्त्यात जिराफ उभा असू शकतो. वरून अख्खं शहर दिसतं, मंडेलांचा मोठा पुतळा आहे. व्ह्यूपॉइंट आणि तारांगण एकाच टेकडीवर. जोबर्गहून केपटाऊनला गाडीने जाणार असाल तर एन १ महामार्गावर साधारण ४०० किलोमीटरवर हे गाव लागतं, मुक्काम करायचाच असतो, इथेच करा. शो रोज नसतात, आधी बुक करा.

तिन्हीकडे लागू पडणाऱ्या दोन-तीन गोष्टी. एक, शो निवडताना नीट बघा. डायनॉसोर, समुद्र, अंतराळवीर असे तयार फिल्मवाले शो बरेच असतात, ते जगात कुठेही दिसतील. ज्या शोमध्ये माणूस समोर बसून आज रात्रीचं आकाश समजावतो तो शोधा. दोन, मागच्या अर्ध्या भागात बसा, पुढे बसलं की मान अवघडते आणि निम्मा घुमट पाठीमागे राहतो. तीन, घुमटात अंधार झाल्यावर आत सोडत नाहीत, पंधरा मिनिटं आधी पोचा.

शो अर्थात इंग्रजीत. बाबांना नक्षत्रं सगळी मराठीत पाठ, त्यामुळे मी त्यांना एका चिठ्ठीवर जोड्या लिहून दिल्या होत्या: त्रिशंकू म्हणजे सदर्न क्रॉस, अगस्त्य म्हणजे कॅनोपस, व्याध म्हणजे सिरियस, मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, मृग म्हणजे ओरायन. ही चिठ्ठी खूप कामी आली. तुमच्या बरोबरच्या ज्येष्ठांना करून द्या.

४. सदरलंड: रस्ता नीट पकडा

सदरलंड हे कारू नावाच्या कोरड्या पठारावरचं छोटं गाव. मेंढ्या आणि दगड. गावापासून १५-एक किलोमीटरवर एका उंच सपाटीवर दक्षिण आफ्रिकेच्या वेधशाळेच्या दुर्बिणी आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे सॉल्ट, सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप, २००५ मध्ये सुरू झालेली. पुणेकरांसाठी खास: या दुर्बिणीत आपल्या आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेची, भागीदारी आहे. गणेशखिंडीतून रोज जाता-येता जे गेट दिसतं त्यातली माणसं इथल्या आरशातून बघतात. बाबांनी हे गाइडला तीनदा सांगितलं.

केपटाऊनहून जायचा बरोबर रस्ता असा: एन १ धरायचा, ह्युगनॉट बोगदा, वूस्टर, टाऊस रिव्हर, मग माइकिसफॉन्टेन. तिथे डावीकडे आर ३५४, आणि ११० किलोमीटर सरळ सदरलंड. सगळा डांबरी. साधारण साडेचार तास, थांबत गेलात तर सहा.

आता चूक ऐका. फोनमधला मॅप तुम्हाला सेरेसवरून आर ३५५ आणि पुढे आर ३५६ असा रस्ता सुचवू शकतो, अंतर जवळपास तेवढंच किंवा कमी दाखवतो. तो कच्चा आहे. आर ३५५ टायर खाणारा रस्ता म्हणूनच त्या भागात प्रसिद्ध आहे, अणकुचीदार खडी, मैलोन् मैल गाव नाही, नेटवर्क नाही. आम्हाला दोघांना वाटलं कच्चा म्हणजे काय, आपण ताम्हिणीतून पावसाळ्यात गेलोय. तासाभरात मागचं टायर कडेने फाटलं. पंक्चर नाही, फाटलं. स्टेपनी लावायला पाऊण तास, आणि तेवढ्या वेळात रस्त्यावरून एकच बकी गेली, तिथे पिकअपला बकी म्हणतात. त्यातल्या शेतकऱ्याने उतरून जॅकखाली ठेवायला स्वतःची फळी दिली आणि जाताना म्हणाला पुढचे लोक पण असेच असतात. परत आल्यावर भाड्याच्या गाडीवाल्यांनी टायरचे पूर्ण पैसे लावले, करारात लिहिलं होतंच की कच्च्या रस्त्यावर टायर आणि काचेचा विमा लागू नाही. आम्ही वाचलं नव्हतं.

तेव्हा: मॅपमध्ये थेट सदरलंड टाकू नका, आधी माइकिसफॉन्टेन टाका. वूस्टरला टाकी फुल करा. बोगद्याच्या टोलसाठी थोडे रोख रँड ठेवा, आपलं कार्ड चालेलच असं नाही. आणि अंधार पडायच्या आत गावात पोचा, रात्री रस्त्यावर हरणं येतात, कुडू हा प्राणी बैलाएवढा असतो.

बुकिंगमध्ये दोन वेगळ्या टूर असतात आणि लोक इथे गोंधळतात. *दिवसाची* टूर तुम्हाला वर सपाटीवर नेते, सॉल्ट आतून दाखवतात. *रात्रीची* टूर ही खाली व्हिजिटर सेंटरजवळच्या लहान दुर्बिणींवर असते. सॉल्टमधून रात्री डोळा लावून बघायला मिळणार नाही, कोणालाच मिळत नाही, त्याला डोळा लावायची जागाच नाही, सगळं उपकरणांत जातं. दोन्ही टूर घ्या, दोन्ही आधी बुक करा, गावात जाऊन बघू म्हणालात तर जागा संपलेली असते.

दिवसाच्या टूरमध्ये आरसा नीट बघा. तो एक आरसा नाहीच, ९१ षटकोनी आरसे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जोडलेत, सगळे मिळून साधारण ११ मीटर. आणि हा सगळा डोलारा वर-खाली होतच नाही, कायम एकाच कोनात कललेला, फक्त स्वतःभोवती फिरतो. मग वेगळ्या दिशेचा तारा कसा बघतात, तर आरशाच्या वर एक छोटा ट्रॅकर सरकत राहतो आणि तो तारा जाईल तसा प्रकाश पकडतो. त्यामुळे दुर्बीण स्वस्तात झाली. बाबांना हे जुगाड फार आवडलं.

रात्रीसाठी: कितीही उकाडा असला तरी जाड जॅकेट, कानटोपी, मोजे. फोन खिशात, कारण डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत शून्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर रबरबँडने लावा, आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. गाडीचे दिवे चालू ठेवून दार उघडू नका, बाकीचे लोक शिव्या देतात आणि बरोबरच देतात.

आम्ही त्या रात्री बाहेर उभे होतो, बाबांनी सवयीने आधी उत्तरेकडे तोंड करून ध्रुव शोधला, नाही सापडला, मग हसले. मग दक्षिणेकडे वळले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, ढग यायला लागले गं, दोन पांढरे ठिपके आलेत, आता काही खरं नाही. गाइडला मी भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, ते ढग सकाळपर्यंत हलणार नाहीत. मॅगेलनचे मेघ. आपल्या शेजारच्या दोन छोट्या आकाशगंगा, नुसत्या डोळ्यांनी. महाराष्ट्रातून ते कधी नीट दिसत नाहीत. बाबा मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि आई म्हणाली की ह्यांना स्वेटर घालायला सांग.

५. केपटाऊनचे व्ह्यूपॉइंट: जो दिवस मिळेल तो पकडा

टेबल माउंटनसाठी एकच नियम. पहिल्या दिवशी सकाळी उठून पडदा बाजूला करा, डोंगर स्वच्छ दिसतोय आणि वारा नाही, तर बाकीचे सगळे प्लॅन रद्द करून आधी वर जा. उद्या बघू म्हणू नका. दिवाळीपासून मार्चपर्यंत आग्नेय वारा सुटतो, डोंगरावर पांढरा ढग चादरीसारखा पसरतो, त्याला टेबलक्लॉथच म्हणतात, आणि केबल कार बंद होते. आई-बाबांच्या वेळी तीन दिवस सलग बंद होती, चौथ्या दिवशी सकाळी आठला आम्ही रांगेत. हिवाळ्यातही दरवर्षी काही दिवस दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्या तारखा आधी जाहीर होतात.

तिकीट ऑनलाइन काढा पण त्यावरची मुदत वाचा, आणि सकाळी निघायच्या आधी साइटवर चालू की बंद ते बघा. ही केबल कार १९२९ सालापासून आहे, आताचे डबे ६५ माणसांचे आणि वर जाताना आतली जमीन गोल फिरते, त्यामुळे खिडकी पकडायला धक्काबुक्की करू नका, सगळ्यांना सगळं दिसतं. डोंगराचा सर्वांत उंच बिंदू १,०८६ मीटर, म्हणजे आपल्या पाचगणीच्या टेबललँडपेक्षा उंची कमीच, फक्त इथे समुद्र अगदी पायाशी आहे म्हणून पोटात गोळा येतो. वर भोंगा वाजला की फोटो सोडून स्टेशनकडे चला, वारा वाढलाय असा त्याचा अर्थ, नाहीतर पायी उतरावं लागेल. प्लॅटक्लिप घळीतून पायवाट आहे, गडावर जाणाऱ्यांना अवघड नाही पण उन्हात जीव जातो, पाणी भरपूर घ्या आणि एकटे जाऊ नका.

वर जाता आलंच नाही तर सिग्नल हिल. गाडी थेट वर जाते, फुकट, सूर्यास्त तिथूनच बघतात. काळोख पडला की रेंगाळू नका, आणि गाडीत सीटवर काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही.

केप पॉइंटचा दिवस असा लावा: सकाळी सायमन्स टाउनच्या बाजूने जा, वाटेत पेंग्विन, मग केप पॉइंट, आणि परतताना चॅपमन्स पीक ड्राइव्ह. उलट करू नका. कारण तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि नूर्डहूककडून हाउट बेकडे येताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला असतो, थांबायच्या जागा तुमच्याच बाजूला. उलट गेलात तर सगळ्या चांगल्या जागा पलीकडच्या लेनला. ९ किलोमीटरमध्ये ११४ वळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्या. टोल आहे, आणि दरड कोसळली की रस्ता बंद होतो, निघायच्या आधी बघा.

केप पॉइंटला दोन समुद्र मिळतात असं तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. अधिकृत हद्द तिथे नाही, ती अगुल्हासला, बरीच पूर्वेकडे, आणि आफ्रिकेचं दक्षिण टोकही तेच. फोटोखाली काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. वरचं जुनं दीपगृह १८६० चं. ते इतकं उंच बांधलं की ढगांतच हरवायचं, १९११ मध्ये एक पोर्तुगीज जहाज खाली खडकावर आपटलं आणि मग खालच्या बाजूला दुसरं बांधावं लागलं. म्हणजे व्ह्यूपॉइंटवर ढग येणं हा आपलाच नशिबाचा भाग नाही, जुनं दुखणं आहे.

आणि बबून. पाट्या सगळीकडे लावल्यात, आम्ही वाचल्याही होत्या. आईने पार्किंगमध्ये शाल काढायला मागचं दार उघडलं. एक मोठा नर आला, अजिबात घाई नाही, आपलीच गाडी असल्यासारखा आत वाकला, सीटवरचा दिवाळीच्या चिवड्याचा डबा उचलला आणि समोरच्या कठड्यावर जाऊन बसला. झाकण काढलं. आणि मग चिवड्यातून एक एक शेंगदाणा वेचून खायला लागला. आई म्हणाली, शेंगदाणेच वेचतोय मेला, घरातल्यांसारखा. डबा परत घ्यायला जाऊ नका, ते चावतात आणि वाईट चावतात. दारं लॉक, काचा वर, खाणं डिकीत, आणि डिकी त्यांच्यासमोर उघडायची नाही.

६. पॅनोरमा रूट

हा कडे आणि दऱ्या बघत जायचा रस्ता जोबर्गच्या बाजूचा, म्पुमलांगा प्रांतात, क्रूगर पार्क करणार असाल तर त्याला जोडून. जोबर्गहून ग्रास्कॉपला पाच-एक तास. ग्रास्कॉपला एक रात्र रहा, कारण लोक एका दिवसात धावत करतात आणि मग गॉड्स विंडो या कड्यावरच्या व्ह्यूपॉइंटला धुकं मिळालं की संपलं. आम्ही सकाळी गेलो तर दोन हातांवरचं दिसेना, दुपारी तीनला परत त्याच जागी आलो तर सगळं मोकळं. कोकणकड्याच्या टोकावर बसलेल्यांना हे दृश्य नवं नाही, पठार अचानक संपतं आणि खाली सपाट प्रदेश, फक्त खाली कोकणाऐवजी आफ्रिकेचं रान.

बर्क्स लक पॉटहोल्स म्हणजे रांजणखळगे. ट्रुअर आणि ब्लाइड या दोन नद्यांच्या संगमावर भोवऱ्यात दगडगोटे फिरून फिरून कातळात रांजण कोरलेत, अगदी आपल्या निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसेच. ट्रुअर म्हणजे दुःख, ब्लाइड म्हणजे आनंद. इथल्या कातळाचा पिवळा-तांबूस रंग भारी, पण निघोज बघितलेल्या माणसाने फार हरखून जावं असं मला वाटलं नाही, आणि निघोजला मळगंगेचं देऊळ आहे ते वेगळंच.

थ्री रोंडावेल्स मात्र बघाच. कॅन्यनच्या पलीकडे तीन गोल डोंगर, गवताच्या झोपड्यांसारखे शेंडे. दुपारनंतर जा, ऊन समोरून पडतं. दरी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे आणि हिरवी आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळं तिकीट, सुटे ठेवा. या भागातल्या रस्त्यांवर दुसरे पॉटहोलही भरपूर आहेत, त्याचं आपल्याला काय कौतुक, पण वेग ऐंशीच्या पुढे ठेवू नका.

७. रस्त्यावरची भाषा आणि बारीकसारीक

तिथे सिग्नलला रोबोट म्हणतात. तिसऱ्या रोबोटला डावीकडे वळा असं कोणी सांगितलं तर दचकू नका, मी पहिल्या आठवड्यात खरंच इकडे तिकडे बघितलं होतं. "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता नाही, केव्हातरी. लोडशेडिंगला मात्र लोडशेडिंगच म्हणतात, पूर्वीपेक्षा खूप कमी झालंय, तरी गेस्टहाऊसला इन्व्हर्टर आहे का विचारून घ्या.

पार्किंगमध्ये चमकदार जॅकेट घातलेला माणूस गाडीवर लक्ष ठेवतो, परत आल्यावर ५ ते १० रँड द्यायचे. सिमकार्डला पासपोर्ट आणि राहण्याचा पत्ता लागतो. शाकाहारींचं शहरात अडत नाही, केपटाऊनच्या बो-काप भागात समोसा आणि रोटी मिळते, पण सदरलंडला जेवण म्हणजे मेंढीच, आधी सांगून ठेवलंत तर भाज्या भाजून देतात.

८. बॅगेत काय

लाल जिलेटिन पेपर आणि टॉर्च. साधी दुर्बीण असेल तर न्याच, मॅगेलनचे मेघ त्यातून फार सुंदर दिसतात. वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, सनस्क्रीन. सगळ्या बुकिंगच्या छापील प्रती, कारण कारूत नेटवर्क जातं. ऑफलाइन मॅप. गाडी लागण्याच्या गोळ्या. नक्षत्रांची चिठ्ठी. घट्ट झाकणाचा डबा, शक्यतो शेंगदाणे नसलेला.

आणि प्लग. एअरपोर्टवर महागाचा युनिव्हर्सल अडॅप्टर घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच जणांत दक्षिण आफ्रिकेची पिन नसतेच. त्यांचा सॉकेट म्हणजे आपल्या गिझरचा किंवा एसीचा तो मोठा तीन पिनांचा. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन म्हणायचं, मोठ्या पिनचं छोट्या पिनला करायचं कन्व्हर्टर द्या. दोन घ्या, एक हॉटेलात राहतंच.